शेण कुणाचं?

गोबर गॅसवरचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, एक वाक्य बहुतेक ठिकाणी भेटतंच. 'जगातला पहिला गोबर गॅस १८५९ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात सुरू झाला.' एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवून घेतलं, असं ते वर्षानुवर्षं चालत आलंय. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे सनावळीत खडा लागला की मला पुढचा घास गिळवत नाही. माटुंग्याचं ते कुष्ठालय सुरू झालं १८९० साली. म्हणजे इमारतीच्या आधी एकतीस वर्षं तिची टाकी! खरा सन १८९७. आणि गंमत म्हणजे त्यात गोबर नव्हताच. कुष्ठालयातल्या माणसांचा मैला एका बंद टाकीत साठवत, त्यातून निघणारा वायू गोळा करत आणि त्यावर इंजिन चालवत.

हे कुष्ठालय उभारण्यात पुढाकार होता मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांचा. मराठीच्या मंडळींना हे नाव वेगळ्याच कारणानं ठाऊक असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये छापला, तेच हे ॲकवर्थसाहेब. शाहिरांचे पोवाडे आणि महारोग्यांचं आश्रयस्थान, दोन्ही एकाच माणसाच्या खाती जमा! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होत.

असो. मला सांगायचंय ते सनावळीच्या पुढचं. हल्ली 'बायोमास', 'जैवऊर्जा', 'कचऱ्यातून सोनं' हे शब्द रोज कानावर पडतात. त्या सगळ्या हिशेबांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की कच्चा माल फुकट आहे. शेण काय, पडलेलंच असतं. पाचट काय, जाळूनच टाकतात. मी खेड्यांतून नोकरी केली. फुकटचं शेण मला कुठे दिसलं नाही. त्याचा मालक कागदावर नसेल, पण घेणारा हात ठरलेला असायचा.

आपली भाषासुद्धा शेणाच्या बाबतीत दुटप्पीच. चूक केली की 'शेण खाल्लं', पण दिवाळीला अंगण सारवायचं ते शेणानंच. आणि चुलीत? चुलीत गोवऱ्या. आमच्याकडे गोवऱ्या, कोकणात आणि कोल्हापूरकडे शेणी. थापून, वाळवून, पावसाळ्यासाठी रचून ठेवायच्या.

शेतकरी शेण जाळतो म्हणजे खत जाळतो, तो अडाणी आहे, हा आरोप इंग्रजांच्या काळापासूनचा. १८८९ साली डॉ. व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती तपासायला विलायतेहून आले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये निघाला. त्यांनी या आरोपाचं मूळ शोधलं. शेतकऱ्याला खताची किंमत पक्की कळते, पण जाळायला लाकूडच मिळत नाही, म्हणून तो शेण जाळतो, असा त्यांचा निष्कर्ष. उपाय म्हणून त्यांनी गावोगाव सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव जमिनी ठेवायला सुचवलं. साहेबाच्या चाकरीतला माणूस असं लिहितो याचं मला कौतुक वाटतं. त्याआधी दहा वर्षं 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी जंगलखात्यानं चराऊ रानं गिळल्याचं लिहून ठेवलंच होतं. रान गेलं तसं लाकूड गेलं, आणि लाकडाच्या जागी शेण चुलीत गेलं. इतकी सरळ साखळी आहे ही.

तेव्हा प्रश्न असा पडला, की तेच शेण चुलीला आणि शेताला, दोन्हीला पुरवता येईल का? दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास यावर प्रयोग केले. शेण पाण्यात कालवून हवाबंद टाकीत कुजवलं की त्यातून मिथेन निघतो, तो जळतो आणि मागे उरलेल्या स्लरीत नत्र शाबूत राहतो. गोवरी जाळली तर नत्र धुरावाटे जातो आणि उष्णताही जेमतेम दहा टक्केच भांड्याखाली कामी येते. गॅसची शेगडी त्याच्या पाचपट तरी काम देते. म्हणजे एकाच शेणात भाकरी आणि खत, दोन्ही.

प्रयोगशाळेतली ही टाकी गोठ्याशेजारी आणली जशभाई पटेल यांनी. १९५१ साली त्यांनी विटांची विहिरीसारखी टाकी आणि तिच्यावर तरंगणारा लोखंडी ड्रम असा आराखडा केला. पुढे त्याला 'ग्रामलक्ष्मी' असं नाव मिळालं. गॅस साठला की ड्रम वर येतो, वापरला की खाली बसतो. त्यामुळे घरातल्या बाईला ड्रमकडे नुसतं पाहून कळतं, आज पुरणपोळी होईल की नुसती भाकरी. मला हा आराखडा फार आवडतो. १९६१-६२ च्या सुमारास खादी ग्रामोद्योग आयोगानं तो उचलला आणि देशभर नेला.

आता जरा गणित करू. (माझं गणित कच्चं, पण एवढं जमतं.) एक किलो ताज्या शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. गोठ्यातलं एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देतं. चार-पाच माणसांचा स्वयंपाक चालवणाऱ्या दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलो शेण लागतं, आणि तेवढंच पाणी. म्हणजे दारात चार-पाच जनावरं हवीत, ती दिवसभर रानात न भटकता बांधलेली हवीत, आणि आडाला उन्हाळ्यातही पाणी हवं. शिवाय टाकी बांधायला जागा आणि ड्रमला पैसे. निम्म्याला थोडा कमी खर्च एकट्या ड्रमचाच. वर तो गंजतो, म्हणून दरवर्षी रंग. थंडीत गॅस कमी येतो ते वेगळंच. गावात अशी घरं किती असतील? सधन शेतकऱ्यांची बोटावर मोजण्याइतकी. ज्यांची चूल सर्वांत जास्त धुमसते त्यांच्या दारात एखादी शेळी.

मी १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातल्या एका शाळेत रुजू झाले. त्या वर्षी माणसंच कामासाठी बाहेर, तर गुरांचं काय घेऊन बसलात! छावण्यांतून जी वाचली ती वाचली. पुढे दहाएक वर्षांनी त्याच गावात पहिला गोबर गॅस आला, एका मोठ्या खटल्याच्या घरी. ड्रम बसवला तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले. मी पाचवीचा वर्ग घेऊन ती निळी ज्योत दाखवायला गेले होते. त्या घरच्या थोरल्या काकू मला म्हणाल्या, "बाई, लग्न होऊन आल्यापास्नं पातेल्याचं बूड पांढरं कधी बघितलं न्हवतं." त्यांचे डोळे धुरानं कायमचे लाल झालेले. ते बोलणं मी विसरलेले नाही. पुढे जे लिहितेय ते त्या काकूंच्या विरोधात नाही, एवढं ध्यानात घ्या.

त्याच वर्गात एक मुलगी होती. शाळा भरून अर्धा तास झाला की यायची. हातात पाटी, पण लिहायची नव्हे, शेणाची. सकाळी गुरं वेशीतून माळावर निघत, तेव्हा त्यांच्या मागे मागे जाऊन ती शेण उचलायची, घरी टाकायची आणि मग शाळेत यायची. वाटेवर पडलेलं शेण उचलणाऱ्याचं, असा गावाचा अलिखित कायदा होता. तिच्या घरची चूल त्यावरच पेटे. गोबर गॅस आल्यावर त्या मोठ्या घरची जनावरं दावणीलाच राहू लागली, आणि जी माळावर जात त्यांच्यामागे गडी घमेलं घेऊन चालू लागला. बाकीच्यांनाही एकदम कळलं की शेणाला भाव आहे. कुणी कुणाला हाकललं नाही, भांडण झालं नाही. शेण वाटेवर पडेनासं झालं, इतकंच.

ती मुलगी वेळेवर येऊ लागली. मला बरं वाटलं. दोन-तीन महिन्यांनी ती यायची थांबली. तिच्या आईला काटक्या वेचायला ओढ्याच्या पार पलीकडे जावं लागत होतं आणि धाकटं भावंड सांभाळायला घरी कुणी नव्हतं.

हे फक्त आमच्याच गावात घडलं असं नाही. सत्तरच्या दशकातच काही अर्थशास्त्रज्ञांनी हा धोका लिहून ठेवला होता, की शेणाला किंमत आली की भूमिहीनांचं फुकटचं सरपण जाईल. पण तेव्हा सरकारला घाई होती. १९७३ मध्ये अरबी देशांनी तेलाचे भाव वाढवले आणि दिल्लीला शेणाची आठवण झाली! १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. अनुदानं आली, जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्टं आली. लोखंडी ड्रमऐवजी पक्क्या घुमटाचं 'जनता' मॉडेल १९७८ मध्ये आणि त्याहून स्वस्त 'दीनबंधू' १९८४ मध्ये आलं. घुमट गंजत नाही, पण गवंडी तयारीचा हवा, नाहीतर तडा जातो आणि गॅस निसटतो. महाराष्ट्र या कामात पहिल्या काही राज्यांत राहिला, याचा अभिमान आहेच. पण मोजदाद व्हायची ती बांधलेल्या टाक्यांची. किती पेटतात ते विचारायला क्वचितच कुणी यायचं. मार्चअखेर उद्दिष्ट पुरं करायची धांदल मी शाळेत कुटुंबनियोजनाच्या बाबतीतही पाहिलेली, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. मॉडेलांची नावं मात्र मनात राहिली. जनता, दीनबंधू! दीनाच्या दारात पाच जनावरं असती तर तो दीन कसला?

यावर कुणी विचार केलाच नाही असं मात्र नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९७४ मध्ये खेड्यांना उपयोगी पडेल असं तंत्र शोधण्यासाठी संस्थेतच 'अस्त्र' नावाचा गट काढला. तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या छोट्या गावात त्यांनी सगळ्या गावाची मिळून एक बायोगॅस व्यवस्था उभी केली. आधी ठरवलं, गॅस स्वयंपाकाला द्यायचा. ते फसलं. सगळ्या चुली पेटवण्याइतकं शेण जमेना, गॅस थोडा वेळ यायचा आणि संपायचा. आणि लाकूड तर गावकरी वेचूनच आणत, त्याला पैसे पडत नव्हते. गावाची खरी नड होती पाण्याची. शहाण्या माणसानं मग काय करावं? रेड्डींनी गावाचं ऐकलं. १९८७ पासून तोच गॅस इंजिनाला दिला, थोडं डिझेल आणि बाकी गॅस, आणि त्या विजेवर कूपनलिकेचा पंप आणि संध्याकाळी घराघरांत दिवे.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती शेणाची व्यवस्था. लोक, त्यातही बायका आणि मुलं, शेण आणून घालत. त्याचं वजन होई, आणून दिल्याबद्दल किलोमागे काही पैसे मिळत. गॅस काढून उरलेली स्लरी वाळूतून गाळून, ज्यानं जेवढं शेण दिलं त्याला त्या प्रमाणात परत. म्हणजे शेण टाकीला उसनं दिलेलं, विकलेलं नव्हे. खत ज्याचं त्याला मिळालं, आणि नळाला पाणी मात्र सगळ्यांना, गोठा असो नसो. गावातलीच दोन तरुण मुलं इंजिन सांभाळत. दहाएक वर्षं हे चाललं. पुढे थांबलं. एवढ्यावरून 'फसलेला प्रयोग' म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही. आपल्या किती सरकारी योजना दहा वर्षं चालतात?

दुसरी वाट होती पुन्हा माटुंग्याचीच, म्हणजे जनावराशिवायची. ती धरली आपल्याकडच्या माणसांनी. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात या ब्राह्मण माणसानं मैला उचलण्याचं काम मला करू द्या म्हणून उपोषण केलं. तुरुंगाच्या नियमात ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांसाठी राखून ठेवलेलं! येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी स्वतः उपोषण केलं. माणसाच्या मैल्याचं सोनखत करायचं आणि ते हातानं उपसायची कुणावर वेळ येऊ द्यायची नाही, हा अप्पांचा ध्यास.

त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेले डॉ. सुहास मापुसकर १९५९ साली देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. तुकोबांचं गाव, वारकऱ्यांची वर्दळ आणि नदीकाठी सगळीकडे घाण. येणारे रुग्ण बहुतेक पोटाच्या विकारांचे. औषधं देऊन डॉक्टर थकले आणि संडास बांधायला लागले. सुरुवातीचे संडास पावसात ढासळले. तरी चिकाटीनं त्यांनी सगळ्या गावाला शौचालयं पटवली आणि पुढे संडासाला जोडलेल्या बायोगॅसचा आराखडा केला. त्याचं नाव 'मलप्रभा'. मलापासून प्रभा. असं नाव ठेवायला मराठीच माणूस हवा! २०१५ मध्ये ते गेले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

तिथेही अडचण होतीच. एका माणसामागे दिवसाला पंचवीस-तीस लिटरच गॅस मिळतो. एका जनावराची बरोबरी करायला पंधरा माणसं लागतात (यावर आमचे हे म्हणायचे, "काही माणसं एकटीच पुरी पडतील"). म्हणून एका घराच्या संडासावर स्वयंपाक होत नाही, सार्वजनिक संडास किंवा शेणाची जोड लागते. आणि त्याहून मोठी अडचण मनाची. संडासाच्या गॅसवर देवाचा नैवेद्य? ज्योत निळीच असते, तिला वास नसतो, हे सांगून पटत नाही. पण एक मात्र आहे. या टाकीचा कच्चा माल भूमिहीनाकडेही सावकाराइतकाच असतो.

तिसरी वाट पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांची. इरावतीबाईंचे चिरंजीव, महर्षींचे नातू. त्यांचं म्हणणं, शेण म्हणजे जनावरानं आधीच सत्त्व काढून घेतलेला चोथा. त्या जिवाणूंना उरलेलं अन्न, सडकी फळं, पेंड असं कसदार काही घाला. दोन-तीन किलोत काम होतं आणि चाळीस दिवस थांबावं लागत नाही. प्लास्टिकच्या टाक्यांत बसेल असं संयंत्र त्यांच्या 'आरती' संस्थेनं केलं, २००६ मध्ये त्याला इंग्लंडचं ॲशडेन पारितोषिक मिळालं. शहरातल्या गच्चीवर छान चालतं. ज्या घरात अन्न उरतच नाही तिथे काय करायचं, हा प्रश्न राहतोच.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गरिबाघरीही सिलिंडर पोचला. पुन्हा भरायला पैसे नसले की तो कोपऱ्यात आणि चूल पुन्हा मधोमध, हेही सगळे जाणतात. इकडे मोठ्या प्रकल्पांचे दिवस आले. इंदूरला २०२२ मध्ये रोज साडेपाचशे टन ओला कचरा पचवणारा प्रकल्प सुरू झाला, त्याच्या गॅसवर बस चालवायच्या. चांगलंच आहे. शेणाला उघड भाव दिला तो छत्तीसगडनं. २० जुलै २०२०, हरेलीचा सण, त्या दिवसापासून सरकारनं दोन रुपये किलोनं शेण विकत घ्यायला सुरुवात केली. सरकार शेण विकत घेतंय म्हणून पुष्कळांनी टिंगल केली. पण जमिनीचा तुकडाही नावावर नसलेल्या माणसांनी वेचलेलं शेणही त्यात तोलून घेतलं गेलं आणि पैसे त्यांच्या खात्यात गेले. वाटेवरचं शेण उचलणाऱ्याचं, हा आमच्या गावाचा अलिखित कायदा तिथे पावतीवर आला. २०२३ च्या डिसेंबरात सरकार बदललं आणि ती खरेदी मागे पडली.

आता पाचटाची पाळी आहे. कर्व्यांच्याच संस्थेनं पाचटाचा कोळसा करून दाखवला होता, त्यालाही २००२ मध्ये ॲशडेन मिळालं होतं. आता कारखाने, कंपन्या शेतातल्या काडीकचऱ्याचे करार करू लागल्या आहेत. ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबाला वाढे विकून चार पैसे मिळतात, फडातला काडीकचरा पालापुढच्या तीन दगडांच्या चुलीत जातो. त्यांची सही या करारांवर कुठे असणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुमच्या गावात पहिला गोबर गॅस कुणाकडे आला, त्याचं शेण कुठून यायचं आणि त्याआधी ते कोण उचलायचं, आठवत असेल तर मला जरूर लिहा. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा. पुरुषांना बहुधा आठवणार नाही.